मीठ धरेपर्यंत

खर्र... खर्र... बाबा, मिठाच्या आगरात तुझी लांब दांड्याची फळी मीठ ओढायची, तो आवाज आज सकाळी पुन्हा ऐकला. खरं तर खाली कुणीतरी आवार झाडत होतं. खांदा कॉलनीत तिसऱ्या मजल्यावर राहतो मी आता. खिडकीतून खाडी दिसत नाही, पण वारा फिरला की खारट वास येतो आणि मी पुन्हा चौथीतला होतो.

त्या दुपारी शाळेतली नवी कविता ओरडत मी बांधावरून धावत आलो आणि तालाच्या भरात एक ढेकूळ आगराच्या पाण्यात भिरकावलं. तू मारलं नाहीस. मनगट धरून खाली बसवलंस. "गप ऱ्हा, बारक्या. मीठ धरतंय. आता आमी पन बोलत नाय." मग आपण दोघे नुसते बसलो आहोत. ऊन उतरतंय, दुधावर साय यावी तसा पाण्यावर पापुद्रा येतोय, आणि तू त्यातली एक चकती उचलून माझ्या तळहातावर ठेवतोस. इतकी पातळ, की तिच्यातून हातावरच्या रेषा दिसतात. पुढे मी जन्मभर मुलांना कविता शिकवल्या. गप्प बसणं काही मला जमलं नाही.

तू न पाहिलेली माझी धाकटी लेक पुण्याला मिठावरच संशोधन करते. हसशील तू. ही मिठं पाणी न घालताच पातळ असतात, तेलासारखी. ती त्यांना मोठ्या चुंबकात ठेवून थंड करते आणि बघते, चुंबकामुळे त्यांचं गोठणं पुढेमागे होतं का. गेल्या आठवड्यात फोनवर रडवेली झाली होती. "बाबा, चुंबक नसतानाही ते रोज वेगळ्याच तापमानाला गोठतं. मग चुंबकानं काय केलं, हे मी कसं सांगू? सर म्हणतात, पुन्हा कर. मला आता सोडूनच द्यावंसं वाटतंय." मला तुझा बांध आठवला, पण तोंडून आली कविता. दोन ओळीही झाल्या नसतील, तर म्हणाली, "बाबा, प्लीज, आज नको." तेव्हापासून फोन नाही. तिला काय सांगू, हे विचारायला तुझ्याशिवाय कोण आहे मला? म्हणून लिहितोय. पाठवायला पत्ता नाही, तरी.

आत्ता बेल वाजली. इस्त्रीवाला असेल म्हणून उठलो, तर दारात तीच. न कळवता. "काही विचारू नकोस हं," एवढंच म्हणाली आणि हातपाय धुवायला गेली. मी विचारलं नाही बाबा, तुझी शप्पथ. ती बाहेर येईतो एवढंच लिहितो: दार उघडल्यावर तिच्या तोंडाआधी मी तिची बॅग पाहिली. मोठी असू दे, असं वाटलं मला. सगळं सोडून आलेली असू दे, इथेच राहू दे. छोटीच आहे. दोन दिवसांचे कपडे मावतील एवढी. आता पेन ठेवतो आणि तिच्या बाजूला जाऊन बसतो, गप.