मूठभर तांदळांची पोर

प्रिय आये,

तुला वाचता येत नव्हतं, तरी लिहितेय. मला पुन्हा दिवस गेलेत. काल अर्नाळ्याहून नणंदबाई आल्या आणि पदर पसरून म्हणाल्या, "वैनी, ह्यो मना दे गो." लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांची कूस रिकामीच. आणि आमच्याकडे आहेत त्या पोरांना पेज पुरत नाही. तू असतीस तर तुलाच विचारलं असतं.

माझ्या आधीची दोन गेली, म्हणून तू मला सुपात घालून शेजारच्या काशीमावशीला विकलंस. मूठभर तांदळांना! सटवाईला वाटावं, ही परक्याची पोर. मग तांदूळ परत करून पोर घ्यायची, अशी रीत. तू मात्र ते तांदूळ शिजवून टाकलेस! घरात दुसरं होतं काय? मला तशीच उचलून आणलंस.

मावशीला मूलबाळ नव्हतं, दारात स्वतःची होडी. जन्मभर चिडवायची, "माजीच पोर हाय ती. तांदूल कुठं परत दिलंस?" तू हसायचीस. मावशी हसत नसे, हे तुला कधी दिसलं नाही का गं?

तिच्याकडे भाताचा वास सुटला की मी तिच्या उंबऱ्याशी जाऊन बसायची. तू बोंबील वाळत घालता घालता हाक मारायचीस, आणि मी उपाशीच परत यायची. का बोलवायचीस?

लढाईच्या दिवसांत रेशनचा तांदूळ संपला आणि माझ्या पाठचा पांडू गेला. तापानं, असं तू सगळ्यांना सांगितलंस. त्याचं खपाटीला गेलेलं पोट मी पाहिलं होतं, आये. "ज्यानं चोच दिली तो चाराही देईल," म्हणायचीस. पांडूला काय चोच नव्हती?

फार बोलले. पण काल नणंदबाईंनी माझ्या पोटावर हात ठेवला आणि मी झटकन मागे सरकले. तेव्हा कळलं, तू मला तशीच का उचललंस. खूप रडले गं.

तरीही मी बाळ देणार आहे. तांदूळ घेणार नाही. आणि तुला वचन देते, कधी त्यांच्याकडे गेले आणि ते अंगणात खेळताना दिसलं, तर मी हाक मारणार नाही. जेवलंस का, एवढंच विचारीन.

तुझीच, तांदूळ न फिटलेली,
चंद्री