खंदकापलीकडे पडलेलं विमान

अहमदनगर
ता. २४ जानेवारी १९४३, रविवार

प्रिय साराअक्कास,
अब्राहामचा सप्रेम सलाम.

इकडे सर्व ठीक. तुझ्या भावजयीचा, मरियेचा, खोकला उतरला. सोनईत थंडी फार असेल. दवाखान्यात जाताना मोजे घालत जा. मी सध्या घरीच असतो. शाळेला सुट्टी नाही.

विमानाच्या आकृतीची तुझी नक्कल मंगळवारी पोचली. बाबा मिशनच्या बंगल्यात स्वयंपाकी असताना साहेबांनी टाकून दिलेलं ते छंदांचं मासिक, आणि बारा वर्षांची तू, खिडकीच्या काचेवर कागद धरून आकृती उतरवणारी! मूळ पानं तुझ्याकडे असताना नक्कल कशाला, असं तू सोबतच्या चिठ्ठीत विचारलंस. सांगतो.

दिवाळीच्या सुटीपासून मी ते विमान करत होतो. बांबूच्या काड्या, पतंगाचा कागद, पुढे पांगाऱ्याच्या लाकडाचा फिरता पंखा. तो फिरवायला पिळाचं रबर हवं, म्हणून गनीभाई सायकलवाल्यांनी एक जुनी ट्यूब दिली. "उडालं तर सांगा, मास्तर," म्हणाले. दहा तारखेला दुपारी किल्ल्याजवळच्या माळावर सोडलं. अक्का, उडालं! लिंबाच्या शेंड्यावरून गेलं. मग वारा फिरला आणि ते खंदक ओलांडून किल्ल्याच्या अंगाला पडलं. तिथं सध्या कोणते पुढारी कैदेत आहेत ते तुला ठाऊक आहे. पहारेकरी धावले. मी सायकलवर बसलो आणि घरी आलो.

बाराला गनीभाईंना पोलिसांनी पकडून नेलं. ट्यूबच्या ठिगळावर ते लाल ठिपका देतात, तो सापडला. आत चिठ्ठ्या पोचवायला हे कुणी केलं, असं विचारत होते. गनीभाईंनी नाव घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांची बायको हमिदाबी शाळेत आली.

"मास्तर, तुमचं अक्षर चांगलं हाय. सायबाला अर्ज लिहून द्या. माझ्या मान्सानं काय बी केलेलं न्हाई."

मी लिहून दिला. 'सदर वस्तू कोणाची, हे कोणासही ठाऊक नाही,' हे वाक्य ती बोलली नव्हती. ते माझं. खाली तिनं अंगठा उठवला.

आणि घरी येऊन मी मूळ पानं चुलीत घातली. ते खेळणं आहे असं सांगणारा तेवढाच पुरावा होता, अक्का. मरियेनं पाहिलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "अक्कांनी नक्कल जपली असेल." म्हणून तुला ते घाईचं पत्र.

बुधवारी नक्कल घेऊन चौकीवर गेलो आणि सगळं कबूल केलं. फौजदारांनी कागद उलटसुलट पाहिला. "खेळणं? मग इथंच करून दाखव."

गनीभाईंना रबर कापायला समोर बसवलं. त्यांच्या उजव्या हाताची बोटं सुजली होती. कात्री डाव्या हातात धरली. दोन दिवस आम्ही असे समोरासमोर.

शुक्रवारी एक गोरा कप्तान आला. मी रबराला पीळ दिला. सोडलं, ते सरळ नाकावर आपटलं. फौजदार खुर्चीतून उठले. तेवढ्यात गनीभाई पुढं आले, विमान उचललं, शेपटाची पट्टी जराशी वर वाकवली आणि मला परत दिलं. दुसऱ्यांदा ते चौकीच्या कौलांवरून गेलं. कप्तान हसला. आम्हाला सोडलं. मला दर आठवड्याला हजेरी आहे, आणि शाळेनं घरी बसवलं आहे.

दाराबाहेर मी म्हणालो, "गनीभाई, माफ करा."

ते थांबले. "कशाची माफी, मास्तर? विमानाची का अर्जाची?"

चौकीत अर्ज त्यांना दाखवला होता. त्यांच्या दुकानाची पाटी मीच रंगवलेली. अक्षर त्यांनी ओळखलं. एवढं विचारून ते निघून गेले.

उद्या त्यांच्या दुकानी जाणार आहे. तिथं त्यांच्या प्रश्नाला जे उत्तर द्यायचं ते आधी तुला लिहून देतो, म्हणजे मला माघार घेता येणार नाही: अर्जाची.

प्रार्थनेत गनीभाईंच्या हाताची आठवण ठेव. माझी त्यानंतर.

तुझा धाकटा,
अब्राहाम