दम लागला त्या बांधावर

आबा, आज तुमची आठवण जिन्यात आली. सर्दी-तापाची साथ गेली, माझा ताप उतरला, पण धाप काही जाईना. सांगलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो मी. डॉक्टर म्हणाले, हळूहळू जाईल. नव्वदच्या दशकात एका साली तुम्हालाही तापानंतर अशीच धाप लागली, तेव्हा डॉक्टर हेच म्हणाले होते, आणि तुम्ही म्हणाला होता, "मग मेंढरांस्नी बी सांगा, हळूहळू चाला."

मेंढरं घेऊन आपण म्हसवडकडनं तासगावकडं निघालेलो. चुलता मागं लागलेला, "दादा, छाती भात्यागत हालतीया तुजी. औंदा मेंढरं इकून टाक, घरात बस." तुम्हाला घरात बसणं म्हणजे मरणच. "मला काय बी झाल्यालं न्हाई," म्हणून तुम्ही पुढं. धाप लागली की थांबायचं, आणि कुणाला कळू नये म्हणून पायताणातला काटा काढायचा. इतके काटे निघाले की आई म्हणाली, "आवं, पायताण हाय का बोराटी?"

तासगावच्या त्या बागवाल्याशी तुमचं हाडवैर. आपल्या मेंढरांनी त्याच्या द्राक्षवेली ओरबाडल्या, तेव्हापासून तुम्ही त्याचं रान टाळून लांबनं जायचा. त्या साली वळशाला दमच पुरेना. सरळ गेलात आणि नेमके त्याच्याच बांधावर मटकन बसलात. त्यानं येऊन तोंडाचा पट्टा सोडला. तुमच्या डोळ्यांत शिव्या तयार दिसत होत्या मला, पण तोंडातनं नुसती हवा. शेवटी तोच थकला. "एवढं बोललो, पर उलटा शबुद न्हाई. लय मोठं मन हाय गड्या तुजं." मग चहा आला. लेंडीखतासाठी मेंढरं त्याच्याच रानात बसली, मुक्काम लांबला, तुम्हाला आराम पडला. मेंढरं विकायचं कुणी पुन्हा बोललं नाही.

पुढच्या साली तुमची शीळ ओढ्यापलीकडं ऐकू जात होती. तरी त्या बांधावर आलात, बसलात आणि पायताण काढलंत. मला वाटलं, खरंच काटा असेल.

आमच्या दुसऱ्या मजल्यावर एक मास्तर आहेत. पाण्याच्या टाकीवरनं भांडण झालं, बोलणं बंद. माझा दम नेमका त्यांच्याच दारात संपायचा. एकदा त्यांनी दार उघडलं, मला बघितलं आणि स्टूल आणून ठेवलं. आता रोज तिथं चहा होतो, टाकीचंही मिटलं.

हे पाठवायचं कुठं, म्हणून ठेवून देतो. धाप गेलीय आबा, तिन्ही मजले एका दमात होतात. मास्तरांना अजून सांगितलेलं नाही.