आपलंच कोकरू

अक्का,

हे पत्र टाकणार न्हाय, म्हणून खरं लिवतो. आबा दुसऱ्या झटक्यानं गेले, एवढंच तुला सांगितलं. पहिल्या झटक्यानंतर सोलापूरच्या दवाखान्यात एका नव्या उपचाराची चाचणी हुती. कमरेच्या हाडातल्या पेशी काढून काळजात सोडायच्या. आबा म्हणाले, "मेंढी परकं कोकरू घेत न्हाय, पण हे आपल्याच अंगातलं. काळीज घेईलच की."

अर्ध्या लोकांना पेशींऐवजी नुसतं मिठाचं पाणी देणार, असं कागदावर हुतं. आबांचा अंगठा घेताना तेवढी ओळ मी त्यांना वाचून दाखवलीच न्हाय. पेशी काळजात गेल्याच, या भरवशावर त्यांनी गोळ्या सोडल्या, पुन्हा मेंढरामागं गेले.

शेवटी माझा हात धरून म्हणाले, "आपलंच कोकरू हुतं रं, तरी घेतलं न्हाय."

मी 'व्हय' म्हणलो.

तुझा भाऊ,
जोतिराम