मंजूच्या नावानं

३ फेब्रुवारी २००१
नाही जमलं! नागपूरहून रेकी शिकून आल्यापासून तळवे इतके छान तापले नव्हते. बस स्टँडच्या व्हरांड्यात राहणाऱ्या त्या बाईच्या खांद्यावर ठेवले मात्र — किंचाळून भिंतीला जाऊन चिकटली. "जयते! जयते!" जळतंय म्हणे! सगळा स्टँड माझ्याकडे बघतोय. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चहावाला पुनाराम म्हणाला, लांजीकडची आहे, झोपडी जळाली तेव्हापासून अशीच. त्यानं स्टोव्ह पेटवला की ओरडत पळते. "गिऱ्हाईक बिचकते, बाई. चार दिवस पाहतो, मंग हाकलतो."

हाकलली तर जाईल कुठे?

५ फेब्रुवारी
कशात लक्ष नाही. वरण करपलं. हे म्हणतात, "तिले पोळी दे ना. हात काय दाखवून राह्यली!" पोळी नेतेच की! पण पोळीनं दचकणं जातं का? बालाघाटात रेकी शिकलेली मी एकटी, आणि घरातच किंमत नाही.

६ फेब्रुवारी
सुचलं! रेकी दुरून पाठवायची. हात लावायलाच नको, नुसतं नाव-गाव पुरे. तिला समजावलं. मग म्हणाली, "लय दूर पोचते?"

"कितीही दूर," मी ऐटीत.

"मंग मंजू म्हना. मंजू, लांजीची."

१० फेब्रुवारी
रोज सकाळी देवापुढे बसून मंजूला पाठवते. पुनारामला हातापाया पडून थांबवलंय. आज तिला नावानं हाक मारली, दोनदा — वळलीच नाही. आता कानही गेले की काय? उगाच चिडले तिच्यावर. मग घरी येऊन स्वतःवर.

१७ फेब्रुवारी
पुनारामनं स्टोव्ह पेटवला आणि ती बसून राहिली!! भिंत घट्ट धरून होती, पण पळाली नाही. तो म्हणाला, "राहू द्या तिले इथंच." ह्यांना सुनावलंच मी. पेढे आणावेसे वाटतायत.

१८ फेब्रुवारी
आज तीच बोलली. "मी मैनाबाई. मंजू माही पोरगी. झोपडीत तेच जयली. तुमी रोज तिले धाडता, म्हनून मले बरं वाटते. पन गरम नोका धाडू, बाई. थंडं धाडजा."

मी हौ म्हटलं.

आज उशिराच बसले. आधी किती तरी वेळ हात गार पाण्यात धरले.