फळा वाचल्याशिवाय कोणी रडू नये

मी, रामप्रसाद कचरू सपकाळ, वय वर्षे सत्तावन्न, धंदा बातमीदारी व थोडी शेती, राहणार धावडा, तालुका भोकरदन, जिल्हा जालना, लिहून ठेवतो की माझी बुद्धी ठिकाणावर आहे, माझ्यावर कोणाचे दडपण नाही आणि मी जिवंत आहे. शेवटचा मुद्दा मृत्युपत्रात सहसा कोणी घालत नाही. मला घालावा लागतो, कारण गेल्या महिन्यात मी मोबाइलवर वारलो होतो.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करायलाही काही नाही.

कलम पहिले. राहते घर, बँकेतील ठेव आणि मोटारसायकल पत्नी साधना हिला. स्थावर म्हणजे हलत नाही ते आणि जंगम म्हणजे हलते ते, असे मी संस्कृत पाठशाळेत शिकलो; त्या हिशेबाने मोटारसायकल स्थावरात धरावी. आम्हाला मूलबाळ नाही. मृत्युपत्राची अंमलबजावणीही साधनानेच करावी. तशीही आजवर सगळी तिनेच केली आहे.

कलम दुसरे हे खरे भांडणाचे. बसथांब्यासमोर, आमच्या घरापासून रस्त्याच्या पलीकडच्या कडेला माझ्या मालकीची एक खोली आहे. तिच्यात जागृती सार्वजनिक वाचनालय बिनभाड्याने चालते. ही खोली मी वाचनालयाला कायमची देत आहे. का, ते नीट लिहितो, म्हणजे पुढे वकिलांचे पोट त्यावर भरणार नाही.

आमच्या गावचे निवृत्त मुख्याध्यापक सोमेश्वर गुरुजी गेले. त्यांच्यावर मी पेपरात लेख लिहिला. लेखाच्या डोक्यावर लेखकाचा फोटो छापायची आमच्या पेपराची पद्धत आहे. कुण्या श्रद्धाळूने कात्रणातला तोच फोटो कापला, त्याला झेंडूचा हार घातला, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिले आणि गावाच्या ग्रुपवर सोडून दिला. चहाला उकळी येईपर्यंत निम्म्या तालुक्याने हात जोडले. माझा फोन चार्जिंगला आणि मी न्हाणीत. मला सगळ्यात शेवटी कळले.

आमच्याकडे कोणी गेले की वाचनालयाच्या दारातल्या फळ्यावर खडूने नाव लिहितात. गावाने ते वाचले की मग दुकानांची शटरे खाली येतात. त्या सकाळी चार जण मोबाइल नाचवत ग्रंथपाल बेबीनंदाबाईंकडे गेले.

“बाई, लिहा ना जल्दी. पूर्ण गावाला माहीत झालं.”

“गावाला माहीत झालं, बराबर आहे. पाह्यलं कोणी?”

“मोबाइलवर आलंय ना!”

“मोबाइल गेल्ता का त्यांच्या घरी?”

कोणी गेले नव्हते. बाईंनी चपला घातल्या आणि रस्ता ओलांडला. मी टॉवेलवर दारात.

“सर, तुम्ही जिवंत आहात का?”

“सध्या तरी.”

“बरंय,” म्हणाल्या, आणि परत जाऊन फळ्यावर लिहिले: ‘रामप्रसाद सपकाळ जिवंत आहेत. समक्ष पाहिले.’ सगळ्या प्रमाणांत प्रत्यक्षाला पहिला मान, हे शिकायला मला पाठशाळेत बरीच वर्षे घालावी लागली. बाई ग्रंथालयाचा कोर्स करून आल्या आहेत. तो कमी वेळात होत असावा.

दुपारी माझा पुतण्या हरिओम जालन्याहून आला. खोली रस्त्यावर, म्हणून आधी तिथेच उतरला. सोबत मोजायचा टेप होता. त्याने टेपचे टोक फळ्याच्या खिळ्यात अडकवले आणि शटर केवढे बसेल ते मोजू लागला. फळ्यावर काय लिहिले आहे ते वाचले नाही. बाई आतून म्हणाल्या, “हरिओमभाऊ, माप नंतर घ्या. आधी फळा वाचा.”

त्याचे डोळे रडून लाल झाले होते, हे मात्र शेजारच्या जयवंताबाईंनी पाहिले आहे. म्हणून संशयाचा फायदा त्याला द्यावा.

संध्याकाळी घरी तो म्हणाला, “काका, आता सगळं मोबाइलमध्ये भेटून राह्यलं. लायब्ररीत कोण जातंय? तिथं मोबाइलचं दुकान बिलकुल चालंल.”

“मोबाइलमध्ये तर मीही भेटलो होतो, बाळा. हारासकट.”

साधना स्वयंपाकघरातून म्हणाली, “वारलेल्या माणसाला तिसरा चहा पाहिजे का, तेवढं विचार.”

माझे भांडण इंटरनेटशी नाही. खोलीत ते जरूर घ्यावे. माझा मोबाइलही तिथे ठेवावा. पण गावातला मल्हारी शेळ्यांच्या आजाराचे पुस्तक मागायला गेला तेव्हा बाई म्हणाल्या, “हे न्या, पण जुनं आहे. लक्षणं यातली बघा, औषध डॉक्टरला विचारूनच द्या.” पुस्तक हाती देताना त्याच्यावर किती विसंबायचे हेही सांगणारा माणूस मला यंत्रात अजून भेटलेला नाही. भेटल्यास हे कलम बदलीन.

म्हणून अट अशी. खोलीत पगारी ग्रंथपाल बसलेला असला पाहिजे. पगारासाठी, मी मक्त्याने कसायला दिलेल्या शेताचे उत्पन्न दरवर्षी वाचनालयाला द्यावे. नुसती कपाटे आणि वायफाय ठेवून ग्रंथपालाची खुर्ची काढली, तर ती खोली त्याच दिवशी हरिओमची. यामुळे खुर्चीवर त्याच्याइतकी बारीक नजर दुसरा कोणी ठेवणार नाही.

कलम तिसरे. हरिओमला विहिरीजवळचे दुसरे शेत, कारण तो खरंच रडला होता. फळ्याच्या खिळ्याला विसरलेला टेपही त्याला परत द्यावा.

कलम चौथे. माझा संस्कृत कोश बेबीनंदाबाईंना. साक्षीदार म्हणून सही करायला त्या तयार होत्या. पण ज्याला काही मिळते त्याने साक्ष देऊ नये असे वकील म्हणतात. बाई म्हणाल्या, “मंग कोश राहू द्या, सही करते.” मी ऐकले नाही.

शेवटचे. मी गेल्याची बातमी मोबाइलवर आली तर कोणी हात जोडू नयेत, शटर पाडू नये, टेप काढू नये. बाईंनी रस्ता ओलांडून यावे, मला पाहावे आणि मग फळ्यावर माझे नाव लिहावे. ‘दुःखद’ वगैरे घालू नये. जागा कमी आहे. फक्त मागच्या खेपेचे शेवटचे दोन शब्द तसेच ठेवावेत.

हे मी स्वतःच्या हाताने लिहिले, साधनाला वाचून दाखवले. ती “हं” म्हणाली.

ठिकाण: धावडा
दिनांक: १७ फेब्रुवारी २०२५

(सही) रामप्रसाद कचरू सपकाळ

साक्षीदार:
वर सही करणारे गृहस्थ शुद्धीवर होते. सही त्यांनी आमच्या डोळ्यांदेखत केली.

१. (सही) मल्हारी गोरे, धावडा. समक्ष पाहिले.
२. (सही) जयवंताबाई सोनवणे, धावडा. समक्ष पाहिले.