चिपाडाची फळी

अप्पा, हंगाम सुरू व्हायच्या आधी मी तुमच्या साखर कारखान्यात मुलाखतीला गेले होते. मधली कितीतरी वर्षं तो बंद होता. आता दुसऱ्यांनी चालवायला घेतलाय. माणसं नवी, गेटचा रंगही नवा. आत शिरल्या शिरल्या ओल्या चिपाडाचा आंबूस-गोड वास आला, तुमच्या सदऱ्याला यायचा तोच. बॉयलरमागं मागच्या हंगामातल्या चिपाडाच्या भुशाचा डोंगर तसाच होता आणि तोंडाला रुमाल बांधलेली दोन माणसं फावड्यानं भुसा बॉयलरच्या सरकत्या पट्ट्यावर ओढत होती. त्यांच्यात तुम्ही दिसलात वगैरे काही झालं नाही, खोटं कशाला सांगू. फक्त पाय थोडा वेळ तिथंच थांबले.

तुम्ही त्या पट्ट्यावर कामाला असतानाच मला लाकडाची इंजिनिअर करायचं ठरवलंत. मी तेव्हा बारावीला. कारखान्याशेजारी चिपाडापासून फळ्या करायचा प्रकल्प येणार म्हणून मंडप पडला, नारळ फुटला, आलेल्या साहेबांनी फळीचे नमुने वाटले. तळहाताएवढा एक तुकडा तुम्ही खिशात घालून बेंबळीला घरी आणलात. आई चुलीपुढं भाकरी थापतेय. तुम्ही येता येताच तो तुकडा प्यायच्या पाण्याच्या कळशीत टाकता.

"आवो, प्यायचं पानी हाय त्ये."

"असू दी. फुगतंय का बघू तर दी."

दुसऱ्या दिवशी ड्युटीवरनं येऊन तुम्ही तो बाहेर काढलात आणि दारात उजेडाला धरलात. कडा फुगल्या होत्या. तुमचं तोंड पडेल असं मला वाटलं, तर तुम्ही तो माझ्या हातात दिलात. "जरा कच्ची हाय अजून. तू शिकून ये आन् नीट कर." मला तुमच्याकडून मिळालेली ती एकच वस्तू, जी तुम्ही विकत आणली नव्हती.

कॉलेज लांबचं, होस्टेलचं. वर्गात मुली मोजक्या, आणि लाकूड पाहून आलेली मुलं कोकणातली, विदर्भातली. आपल्याकडं बाभूळ आणि लिंबापलीकडं काय आहे? पहिल्या दिवाळीला घरी येऊन मी रडले. म्हणाले, जिथं झाडच नाही तिथली मी, हे शिकून करू काय? तुम्ही कधी आवाज चढवत नव्हता, त्या दिवशी चढवलात. "झाड न्हाय म्हनून तर तुला धाडलं. ज्येंच्याकडं लाकूड हाय त्येनला चिपाडाची फळी कशाला लागतीया? आपल्यालाच लागनार की." मी आजवर कितीतरी मोठ्या माणसांची भाषणं ऐकली, पण मी का शिकतेय हे इतकं सरळ मला कुणी सांगितलं नाही. तुमचं गणित चुकलं नव्हतं, अप्पा. फळ्यांचा कारखाना तेवढा आला नाही.

साखर कारखाना बंद पडला, तुम्ही घरी बसलात आणि भुशानं दिलेला खोकला तुमच्याबरोबर घरी आला. माझा निकाल लागायच्या आधीच तुम्ही गेलात. पुण्यानुमोदनाला विहारात सगळे जमले होते. कुणीतरी आईला विचारलं, पोरगी काय शिकतीया? आई म्हणाली, लाकडाची इंजिनिअर. "म्हंजी सुतारकाम व्हय?" त्या माणसानं साध्या मनानं विचारलं होतं.

त्यानंतरचं तुम्हाला माहीत नाही. ट्रेनिंगला मी गुजरातेत प्लायवूडच्या कारखान्यात गेले. लाकडाचे पातळ पापुद्रे ग्लू लावून गरम प्रेसमध्ये दाबायचे, फळी निघाली की तिची ताकद तपासायची. मला ते मनापासून आवडलं. ट्रेनिंग संपल्यावर मॅनेजरनं चहा पाजला आणि म्हणाला, काम चांगलं करतेस, पण रात्रपाळीला मुलगी ठेवायची आमची पद्धत नाही. कॉलेजात कंपन्या आल्या, त्यांना विक्रीला माणसं हवी होती. एका साहेबानं तर स्पष्टच विचारलं, "मशीन चालवायला आयटीआयवाला आहे, देखरेखीला डिप्लोमावाला आहे. तुम्हाला बसवू कुठं?" माझ्या वर्गातला एक आफ्रिकेत आरागिरणीवर आहे, एक बँकेत, एक विमा विकतो. मी नळदुर्गला हायवेवरच्या प्लायवूडच्या दुकानात लागले. गिऱ्हाईक विचारायचं, "ताई, पानी लागल्यावर फुगतंय का हे?" मी उत्तर द्यायचे, माल खपायचा. ते दुकानही मालकानं मागच्या वर्षी ढाब्याला भाड्यानं देऊन टाकलं.

म्हणून मी मुलाखतीला गेले. साहेब तरुण होते, नीट बोलत होते. माझी पदवी वाचून म्हणाले, "वूड म्हणजे फॉरेस्टचं का?" मी समजावलं. मग मला राहवलं नाही, मागच्या डोंगराकडं बोट करून मी म्हणाले, सर, ह्याच्या फळ्या होतात, मी हेच शिकलेय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "होत असतील मॅडम. पण आता ह्या भुशावर आम्ही वीज करतो. मूठभरसुद्धा बाहेर जात नाही." मग म्हणाले, "वजनकाट्यावर कॉम्प्युटर चालवायला माणूस पाहिजे. बघा, जमलं तर."

मी हो म्हणाले. घरी येऊन सांगितल्यावर आईनं डोळे पुसले. "बापाच्या कारखान्यात लागलीस बग. त्येनला किती बरं वाटलं आसतं." तुम्हाला खरंच बरं वाटलं असतं का, हे तिला विचारावंसं वाटलं.

आता दिवसभर उसाचे ट्रॅक्टर येतात. भरलेल्याचं वजन घेते, रिकाम्याचं घेते, पावती देते. परवा ट्रेनिंगमधल्या मैत्रिणीचा फोन आला. त्याच गुजरातच्या कारखान्यात फळ्या तपासायच्या लॅबला माणूस हवाय, आता बायकाही घेतात म्हणे. "आजच्या आज बोल त्यांच्याशी," ती म्हणाली. मी बोलले नाही. आई एकटी पडेल, माझं वय झालं, अशी कारणं कुणालाही पटतील, पण ती खरी नाहीत. ते बोलावतील, चहा पाजतील आणि पुन्हा नको म्हणतील, ते ऐकायचं बळ माझ्यात उरलेलं नाही. काट्यावर मला कुणी काही विचारत नाही. तिथं मला बरं वाटायला लागलंय, अप्पा. हे आईला सांगितलेलं नाही. तुम्ही असता तर तुम्हालाही सांगितलं नसतं.